बाहेरचा गज

रविवारी दुपारी तीन वाजता घरातले चौघे आपापला चेलो घेऊन तलावात उतरले, तेव्हा त्यांच्यातल्या तिघांनी हरायचं पक्कं ठरवलं होतं. हे फक्त घरातल्या धाकट्या लेकीला ठाऊक होतं. तिघांनीही तिलाच एकेकट्याने गाठून, कुणाला सांगू नकोस असं बजावून, ते सांगितलं होतं.

तलावात पाणी नव्हतं. नगरपालिकेच्या त्या पोहण्याच्या तलावाचा बॉयलर अठरा वर्षांपूर्वी फुटला, दुरुस्तीची फाइल कुठल्याशा टेबलावर रुतून बसली, आणि तात्पुरती सोय म्हणून तो कोरडा हौद हौशी वाद्यवृंदाला तालमीसाठी मिळाला. तेव्हापासून बासऱ्या उथळ टोकाला आणि चेलो, ती गुडघ्यांत धरून गजाने वाजवायची मोठी व्हायोलिनं, खोल टोकाला, असा शिरस्ताच पडला. उतरत्या फरशीवर खुर्च्या घसरू नयेत म्हणून लिफ्टदुरुस्ती करणाऱ्या त्या घरच्या जावयाने प्रत्येक खुर्चीचे दोन पाय करवतीने बेतून दिले होते. त्या खुर्च्या आता दुसऱ्या कुठल्याही जमिनीवर सरळ उभ्या राहिल्या नसत्या. जीवरक्षकाचं पद रद्द करायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो दर तालमीला गळ्यात शिट्टी अडकवून आपल्या उंच खुर्चीवर बसे आणि चाळीस वादकांवर नजर ठेवी. अठरा वर्षांत कुणी बुडालं नव्हतं, आणि याचं श्रेय तो मनातल्या मनात स्वतःकडे घेत असे.

प्रश्न होता दीड मिनिटाचा. वाद्यवृंदाच्या पन्नासाव्या वर्षाच्या कार्यक्रमात जे मोठं वादन बसवायचं होतं, त्यात एका जागी सगळी वाद्यं थांबत आणि एकटा चेलो दीड मिनिट वाजे. एकतीस वर्षं पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्या डॉक्टरांनी हे दीड मिनिट आपलंच धरलं होतं. डॉक्टर दातांचे. दवाखाना बंद करून सात वर्षं झाली तरी समोरचा माणूस बोलायला लागला की त्यांचं लक्ष आधी त्याच्या दाढांकडे जाई. पण तीन आठवड्यांपूर्वी त्यांची थोरली मुलगी घरी आली होती. मोठ्या शहरातल्या पगारी वाद्यवृंदात चौदा वर्षं चेलो वाजवणारी थोरली. लांब सुट्टी घेतलीय, एवढंच तिने सांगितलं होतं. तेव्हापासून ती तालमीला येऊन शेवटच्या खुर्चीवर, जावयाच्या शेजारी बसायची.

आता पहिल्या खुर्चीवर वडील आणि शेवटच्या खुर्चीवर त्यांच्याहून दसपट चांगलं वाजवणारी लेक, अशी स्थिती आल्यावर संचालकांची झोप उडाली. संचालक शाळेत भूगोल शिकवत आणि नकाशा दाखवायच्या काठीनेच वाद्यवृंद चालवत. भांडण त्यांना सोसत नसे. त्यांनी जाहीर केलं की दीड मिनिट कुणाचं हे पडद्याआड ठरेल. चौघांनीही पडद्यामागे वाजवायचं, परीक्षकांना फक्त क्रमांक कळेल. परीक्षक तिघे: ते स्वतः, ट्युबा वाजवणारा पाववाला, आणि ज्याला कुणाशीच देणंघेणं नाही असा माणूस हवा म्हणून जीवरक्षक.

धाकटी वाद्यवृंदाची चिटणीस. कपडे बदलायच्या खोल्यांतले प्लॅस्टिकचे पडदे काढून, एकमेकांना शिवून, उडी मारायच्या फळीवरून खाली सोडायचं काम तिचंच. पडद्यावर निळे मासे होते. क्रमांकाच्या चिठ्ठ्याही तिच्याकडेच, आणि त्यामुळेच ती सापडली.

पहिला आला तिचा नवरा. लग्नाआधी त्याने चेलो पाहिलासुद्धा नव्हता. या घरात शिरायचं तर वाजवायला हवं हे ओळखून तो शिकला, आणि गेली दोन वर्षं उंच इमारतींच्या माथ्यावर, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत बसून सराव करत होता. त्याने बायकोला सांगितलं की आपण चुकून जिंकलो तर सासऱ्यांच्या समोर बसून घास उतरणार नाही, तेव्हा आपण वाईट वाजवणार आहोत, तिने मनाला लावून घेऊ नये.

मग थोरलीने तिला गॅलरीत बोलावलं. बाबांची ती खुर्ची गेली तर ते सकाळी उठून करतील काय, असं ती म्हणाली. आपल्याला दीड मिनिटाचं अप्रूप नाही. आपण पडणार.

आणि शनिवारी डॉक्टर तिच्या घरी आले, चहा घेतला, कपाच्या तळाशी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या ताईला जिंकायची गरज आहे. का, ते विचारू नकोस. मी काय ते बघून घेईन."

आत्या तेवढी काही बोलली नव्हती. डॉक्टरांची ही धाकटी बहीण टपाल कचेरीत छत्तीस वर्षं पत्रं निवडून निवृत्त झालेली, आणि पहिल्या खुर्चीच्या अगदी शेजारी, दुसऱ्या खुर्चीवर बसणारी. मलाही वाजवावं लागेल का, एवढंच तिने विचारलं होतं. नियम सगळ्यांना सारखा, असं धाकटी म्हणाल्यावर ती "बरं" म्हणाली होती.

जीवरक्षकाने शिट्टी फुंकली. चौघे माशांच्या पडद्यामागे ओळीने बसले. पडद्याआड कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा नियम संचालकांनी दोनदा वाचून दाखवला.

पहिला क्रमांक जावयाचा आला. त्याने आधीच एक तार पाव सुराने सैल करून ठेवली होती. त्याने गज ठेवला आणि जे निघालं ते ऐकून स्वतःच दचकला. लिफ्टच्या दोराला तेल नसलं की असा आवाज होतो, आणि तो ऐकताच इमारत रिकामी करायची असते. दोन वर्षांचा सराव डोळ्यांसमोर वाया जाताना बघणं सोपं नव्हतं. मधेच एका वळणावर बोटं आपसूक चांगली पडली, तशी त्याने घाईने ती चूक सुधारली. पलीकडे जीवरक्षक अर्धवट उठून पुन्हा खाली बसल्याचा आवाज आला.

डॉक्टर जावयाकडे बघत होते. हा मुलगा इतका वाईट वाजवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना वाटलं, घाबरला बिचारा. आणि मग त्यांची पाळी आली.

डॉक्टरांची अडचण वेगळी होती. त्यांनी एकतीस वर्षं मनापासून, आणि बेताचंच, वाजवलं होतं. चुका नेमक्या कुठे करायच्या हे ठरवायचं तर आपण बरोबर कुठे असतो ते माहीत हवं, आणि तिथेच गाडी अडली. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी विचार केला होता की कुणालाही बक्षीस द्यावंसं वाटणार नाही असं काहीतरी करावं. शेवटी त्यांनी तुकडा मागून पुढे वाजवायला घेतला. आठ सूर गेले आणि ते हरवले. मग सवयीने बोटं मूळ चालीवर आली आणि त्यांनी ती नेहमीसारखी पूर्ण केली, फक्त मधे एकदा मुद्दाम खोकले.

पडद्यापलीकडून पाववाला हळूच म्हणाला, "याला बरं वाटत नाहीये." संचालकांनी त्याला गप्प केलं.

थोरली बापाकडे रोखून पाहत होती. मागून पुढे. हा माणूस तिला लहानपणी एक सूर पन्नासदा वाजवायला लावायचा. आपल्यासाठी तो हरतोय हे तिला पहिल्या चार सुरांतच कळलं, आणि तिच्या कानशिलांत रक्त चढलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. किती माहीत होतं, ते तिला समजेना. तिने दोन्ही हात पसरून, आवाज न करता, हे काय चाललंय असं त्यांना विचारलं. डॉक्टरांनी छताकडे पाहिलं.

मग तिने गज उचलला. तिने ठरवलं होतं की थोडं बेसूर वाजवावं, सुट्टीवरच्या माणसासारखं. आता ती रागाने वाजवायला लागली. चौदा वर्षं पगार घेतलेल्या माणसाला वाईट वाजवायचे जेवढे प्रकार माहीत असतात ते सगळे तिने त्या दीड मिनिटात घातले. गज तिरका लावला. बोट तारेवर अर्धंच दाबलं. जिथे थांबायचं तिथे धावली आणि जिथे धावायचं तिथे थांबली. इतकं काळजीपूर्वक, इतकं कसून कुणी वाईट वाजवलेलं त्या हौदाने ऐकलं नव्हतं. डॉक्टर खुर्चीतून उठले, तोंड उघडलं, नियम आठवला आणि बसले. कापलेल्या पायांची खुर्ची त्यांच्याखाली डुगडुगली. जावई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याच्या ध्यानात यायला लागलं होतं की या शर्यतीत तो एकटा नाही, आणि चुकून जिंकण्याचा धोका पुरता टळलेला नाही.

उरली आत्या.

आत्याने आपला गज उजेडात धरून केसांवरून बोट फिरवलं, आणि जावयाच्या पाठीमागून वाकून थोरलीच्या कानाशी ओठ नेले. बोलायचं नाही हा नियम तिने मोडला, पण फक्त एका शब्दाने.

"राळ."

थोरलीला कळेना. गजाच्या केसांना राळ लावली नाही तर ते तारेवरून नुसते सरकतात, आवाज निघत नाही. चेलोवाला घरातून चप्पल विसरेल, पण राळ लावलेली असते. तिने खिशातली वडी दिली. आत्या ती घासायला लागली. एक मिनिट झालं, दोन झाली. पलीकडे संचालक घसा साफ करायला लागले. पांढरी भुकटी आत्याच्या काळ्या साडीवर पडत राहिली. डॉक्टर बघत होते. कोऱ्या गजाला पहिल्यांदा राळ लावतानाच एवढा वेळ लागतो, हे त्यांना माहीत होतं. बहिणीने नवा गज घेतला की काय, असं त्यांना वाटलं. पण गज तोच होता, मुठीपाशी दोरा गुंडाळलेला.

चार मिनिटांनी तिने वाजवायला सुरुवात केली.

ते काही असामान्य नव्हतं. आवाज थोडा दाणेदार होता आणि एका जागी ती चाचरली. पण तो एका माणसाचा आवाज होता, त्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते सांगायची त्याला घाई नव्हती. थोरलीचा राग कुठल्या कुठे गेला. चौदा वर्षांत तिने कितीतरी चेलो ऐकले होते, त्यांतला हा कुणासारखाच नव्हता. जावयाने न कळत डोळे मिटले. डॉक्टर मात्र बहिणीच्या हाताकडे बघत होते आणि त्यांना एक विचित्र गोष्ट जाणवत होती. शेजारच्या खुर्चीवर ती इतकी वर्षं बसत होती, आणि हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

परीक्षकांना ठरवायला अर्धं मिनिटही लागलं नाही. संचालकांनी काठीने पडदा बाजूला सारत चौथा क्रमांक जाहीर केला. बाकी तिघांचं काय, असं पाववाल्याने विचारलं. जीवरक्षक म्हणाला की आपण तिन्ही वेळा उडी मारायच्या बेतात होतो.

धाकटीने चिठ्ठी उघडून आत्याचं नाव वाचलं. आणि मग तिला राहवेना. तीन दिवस तोंड मिटून ठेवल्याने तिचा जबडा दुखायला लागला होता. ती तिथेच, फळीखाली उभी राहून, सगळं सांगून मोकळी झाली. कोण केव्हा आलं, कुणी काय सांगितलं, कुणी कुठली शपथ घातली.

मग एकच गदारोळ उठला. थोरली बाबांना म्हणाली की मला दया नको होती. डॉक्टर म्हणाले की मलाही नको होती, आणि तिरका गज लावायला मी तुला शिकवलेलं नाही. जावई मधे पडला, तर दोघांनी मिळून त्याला विचारलं की तुझ्या लिफ्टही तू अशाच दुरुस्त करतोस का. तेव्हा धाकटी नवऱ्याची बाजू घेऊन वडिलांवर उलटली. तिने आजवर नवऱ्याची बाजू घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. संचालक काठी काखेत मारून शिडीकडे सरकले आणि पाववाल्याला घेऊन वर गेले. जीवरक्षक तेवढा जागेवर राहिला. लोक खोल टोकाला असताना खुर्ची सोडायची नाही, असा त्याचा नियम होता.

"सुट्टी नाहीये ना ती?" डॉक्टर अचानक शांतपणे म्हणाले.

थोरलीने गज गुडघ्यांवर आडवा ठेवला.

तिने सांगितलं की सगळ्या वादकांची पुन्हा परीक्षा घेतली. पडद्यामागे. तिच्याच खुर्चीसाठी तिला वाजवायला लावलं, आणि ती खुर्ची बावीस वर्षांच्या एका मुलीला गेली. मुलगी चांगली वाजवते. त्यामुळे राग धरायचा कुणावर, तेही कळत नाही.

डॉक्टर म्हणाले की तुमच्या वाद्यवृंदाची कार्यक्रमपत्रिका दर तीन महिन्यांनी टपालाने येते. मागच्या खेपेला चेलोच्या यादीत तुझं नाव नव्हतं. मला वाटलं छपाईची चूक असेल, म्हणून मी भिंग घेऊन सगळी नावं वाचली. तुताऱ्यांचीसुद्धा.

"तुताऱ्यांची कशाला?" थोरलीने विचारलं. तिचा आवाज फुटला होता, पण ती हसतही होती.

"वेळ होता," डॉक्टर म्हणाले.

एवढ्यावर सगळं निवलं असतं. पण डॉक्टरांच्या मनातून ती राळ जात नव्हती. ते बहिणीकडे वळले. ती अजून चेलो धरूनच बसली होती, कुणी उठायला सांगेल म्हणून वाट बघत असल्यासारखी.

"चिमे, गज कोरा कसा?"

आत्याने सरळ सांगितलं. तिचे दोन गज होते, एक घरचा आणि एक बाहेरचा. घरच्या गजाला राळ असते. तालमीला आणि कार्यक्रमाला ती बाहेरचा आणते, त्याला नसते. आज सवयीने तोच उचलला गेला. एकटीने वाजवायचं म्हणजे आवाज काढावा लागणार, हे पडद्यामागे बसल्यावर तिच्या लक्षात आलं.

"किती दिवस?" थोरलीने विचारलं.

"नऊ वर्षं झाली."

आत्या पुढे सांगत गेली, एखाद्या हरवलेल्या पार्सलाबद्दल सांगावं तशी. नऊ वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमात ती एका जागी अर्धी मात्रा उशिरा आली होती. परतताना गाडीत दादा म्हणाला, तू वाजवतेस तेव्हा मला दोघांचं वाजवावं लागतं. दुसऱ्या दिवशी तिने गज साबणाने धुतला. ते खरं म्हणजे त्याला लाजवायला. तालमीत त्याच्या लक्षात येईल, मग बोलणं होईल, मग भांडण होईल आणि संपेल. तो आठवडा गेला, महिना गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे तिलाच बरं वाटायला लागलं. सगळ्यांच्या मधोमध बसून ऐकायला मिळायचं, आणि गज हलवत राहिलं की कुणी उठवत नसे.

डॉक्टरांना तो प्रवास आठवेना. गाडी आठवली, तिचा रंगसुद्धा आठवला, पण ते वाक्य नाही. आठवलं ते दुसरंच. गेल्या काही वर्षांत बहिणीचा हात किती सुधारला, किती स्वच्छ वाजवते, कुठे एक सूर इकडचा तिकडे होत नाही, असं त्यांनी चार लोकांत कितीदा तरी सांगितलं होतं. परवाच्या तालमीनंतरसुद्धा. त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि तो तसाच हनुवटीवर राहिला.

जावयाने बायकोला खूण केली. धाकटी थोरलीला घेऊन शिडीकडे निघाली. जावई दोन चेलो पाठीवर आणि एक पोटाशी धरून त्यांच्यामागे चढू लागला. मधल्या पायरीवर थोरलीने मागे वळून आपली राळ मागितली. मग ती म्हणाली, राहू दे, आणि चढून गेली.

खाली भाऊबहीण उरले, आणि वर जीवरक्षक.

डॉक्टरांना माफी मागता येत नसे. दवाखान्यात त्यांनी एकदा चुकीची दाढ काढली होती, तेव्हाही त्यांनी रोग्याला ती कशी किडणारच होती हे समजावून सांगितलं होतं. ते पहिल्या खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले, त्यामुळे आत्या उठली आणि पहिल्या खुर्चीवर जाऊन बसली, आणि ते तिच्या जागी बसले. दोघांचेही गुडघे दुखत होते, म्हणून याला वेळ लागला.

"पुन्हा वाजव," ते म्हणाले. "मघाशी मी नीट ऐकलं नाही. मला राळेचंच नवल वाटत होतं."

आत्याने वाजवलं. पडदा एका बाजूने सुटून लोंबत होता आणि आता आवाजाला अडवायला काही नव्हतं. तो फरशांवरून उथळ टोकापर्यंत गेला आणि परत आला. डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते. ती थांबली, आणि तिला वाटलं, आता हा छान म्हणेल. नऊ वर्षं तो छानच म्हणत आला होता.

"मधे वर चढतेस ना," डॉक्टर म्हणाले, "तिथे सूर उतरतो."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. "काय म्हणालास?"

"उतरतो. फार नाही, केसभर. आणि त्याआधी गज संपतो तुझा, म्हणून ओढून नेतेस. तिथे तुला हात आधी फिरवायला हवा."

"कुठे, दाखव."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. आत्याने चष्मा सारखा केला आणि ती जागा जवळून पाहिली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरलं, की जीवरक्षकालाही वरून ते दिसलं आणि तो पुढे वाकला.

"आणखी काही?" तिने विचारलं.

"आहे अजून. पण आधी हे कर."

तिने बाही वर सारली, गज तारेवर ठेवला आणि वाजवण्याआधी क्षणभर थांबली. डॉक्टरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते तिचा आवाज निघायची वाट बघत बसले.